चंद्राला गिराण लागते तेव्हा

७ सप्टेंबर २०२५. रविवारची रात्र. आदल्या दिवशीच गणपती पाण्यात गेले होते. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी पौर्णिमेच्या चंद्राची कड काळी पडू लागली. ११ वाजून १ मिनिटाला सगळा चंद्र सावलीत गेला. पुढे ८२ मिनिटे तो सावलीतच होता. जिथे ढग नव्हते, तिथे लोकांना तांब्याच्या परातीसारखा लाल चंद्र दिसला. अशा पुऱ्या ग्रहणाला खग्रास ग्रहण म्हणतात.

हे होते कसे? घरी करून पाहू या. एक नारळ घ्या, एक लिंबू घ्या. नारळ ही पृथ्वी, लिंबू हा चंद्र. दोघांमध्ये आठ हात अंतर ठेवा. हे माप जवळजवळ खरे आहे. सूर्य मात्र या मापाने घरात मावायचा नाही. तो चार मजली इमारतीएवढा होईल, आणि सव्वा-दीड किलोमीटर लांब ठेवावा लागेल!

सूर्याचा उजेड नारळावर पडला की मागे सावली पडते. लिंबू त्या सावलीत शिरले की झाले ग्रहण. तिघे असे ओळीत येतात ते पौर्णिमेलाच. मग दर पौर्णिमेला गिराण का लागत नाही? कारण चंद्राची वाट पाच अंशांनी तिरकी आहे. बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाही तर खालून निघून जातो. चंद्राला पृथ्वीची सावली झाकते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले आहे.

सावलीतला चंद्र लाल का दिसतो? पृथ्वीभोवती हवा आहे. सूर्याचा थोडा उजेड या हवेतून वाकून सावलीत शिरतो. निळा रंग वाटेतच विखरतो, लाल तेवढा पोचतो. मावळतीचे आकाश तांबडे होते तेही याचमुळे.

१५०४ सालची एक गोष्ट आहे. कोलंबस हा दर्यावर्दी जमैका बेटावर अडकला होता. तिथल्या लोकांनी त्याला अन्न देणे बंद केले. कोलंबसाजवळ पंचांगासारखे एक छापील पुस्तक होते. २९ फेब्रुवारीला ग्रहण आहे, हे त्याने त्यात वाचले. देव रागावला आहे, आज चंद्र काळवंडेल, अशी त्याने लोकांना भीती घातली. चंद्र काळवंडला. लोक बिचारे घाबरले आणि अन्न घेऊन धावत आले. पुस्तक एकट्या कोलंबसाला वाचता येत होते!

आपल्याकडे भीती घालतात ती पोटुशी बाईला. ग्रहणात भाजी चिरू नको, नाही तर मुलाचा ओठ फाटेल. पाणी पिऊ नको. अंधारात बसून राहा. आता पाहा, पोटातल्या बाळाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो. तो जुळला नाही तर त्याची कारणे वेगळी: घराण्यातला दोष, आईची तंबाखू, काही औषधे, आहारातली उणीव. सावलीचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट गरोदर बाईने तासन् तास उपाशी, तहानलेले राहणे वाईट. सासूबाईंनी वेध पाळावेत, त्यांची श्रद्धा आहे. पण सुनेला ताट वाढावे आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

३ मार्च २०२६ च्या ग्रहणाचा खग्रास भाग आपल्याकडच्या वेळेने दुपारी साडेचार ते साडेपाचचा. तेव्हा आपल्याकडे चंद्र उगवलेलाच नसतो. म्हणून नुसती तारीख वाचून भागत नाही, वेळही वाचावी.

आपल्याला सबंध दिसेल असे ग्रहण ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. तो रविवार आहे. रात्री सुमारे ८ वाजून ३७ मिनिटांनी सावली लागेल. ९ वाजून ४६ मिनिटांपासून १० वाजून ५८ मिनिटांपर्यंत चंद्र पुरा सावलीत राहील. मध्यरात्रीनंतर सहा मिनिटांनी, म्हणजे नव्या वर्षात, तो मोकळा होईल. डिसेंबरात पाऊस नसतो, तेव्हा आकाश मोकळे मिळण्याचा संभव पुष्कळ.

पालेगावात आता उंच इमारती झाल्या, दिवेही झाले. तरी अडचण नाही. चंद्रग्रहणाला काळोख लागत नाही. गच्चीवर किंवा मोकळ्या जागी उभे राहा. पूर्वेला, बारवी धरणाच्या बाजूला तोंड करा आणि मान वर करा. सूर्यग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, चंद्रग्रहण खुशाल पाहावे. काच नको, चष्मा नको. कुणाकडे दुर्बीण असली तर मागून घ्या. वहीत वेळ लिहा, रंग लिहा. सावलीची कड गोल दिसते का, तेही पाहा. ती आपल्या पृथ्वीची कड आहे.