मुळावर घाव : घरच्या संगणकाची स्वच्छता

१. प्रस्तावना

परीक्षेचा अर्ज भरणे, वीजदेयक भरणे, बँकेचा हिशेब पाहणे, घरातील छायाचित्रे जपून ठेवणे अशी अनेक कामे आज संगणकावर होतात. कधी कधी या संगणकात कोणीही न मागवलेले एखादे सॉफ्टवेअर येऊन बस्तान बसवते. ते काढून टाकावे, तर दोन दिवसांनी पुन्हा हजर होते. असे का होते आणि त्याचे समूळ निर्मूलन कसे करावे, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे. पाठाची सुरुवात तंजावरच्या एका जुन्या ग्रंथालयापासून होते. कारण काढून टाकलेला शत्रू परत का येतो, हा प्रश्न तेथील ग्रंथरक्षकांना संगणकाच्या कितीतरी आधी पडला होता.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• नको असलेले सॉफ्टवेअर परत येण्याची कारणे सांगणे.
• त्याच्या निर्मूलनाच्या पायऱ्या योग्य क्रमाने लिहिणे.
• लक्षण आणि मूळ कारण यांतील फरक उदाहरणांनी स्पष्ट करणे.
• पाठातील वाक्प्रचार व संधी ओळखणे.

३. मूळ पाठ

(अ) तंजावरचा धडा

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावर येथे भोसले घराण्याची सत्ता होती. तेथील राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळात आरंभ झालेल्या या संग्रहाला सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी फार मोठे रूप दिले. १९१८ मध्ये ते सर्वसामान्य वाचकांसाठी खुले झाले. संस्कृत, तमिळ, मराठी, तेलुगू अशा भाषांतील ताडपत्रे आणि कागदी हस्तलिखिते येथे आहेत.

कावेरीच्या खोऱ्यातील उष्ण व दमट हवेत कागदाला आणि ताडपत्राला कीटकांचे भय मोठे. पोथी उघडून दिसणारे किडे झटकले, तरी काम संपत नाही. पानांच्या शिवणीत आणि बांधणीत अंडी राहिलेली असतात. ती उबली की कीड पुन्हा पसरते. म्हणून ग्रंथरक्षकाला तीन कामे करावी लागतात. दिसणारी कीड काढणे हे पहिले, दडलेली कीड शोधणे हे दुसरे आणि तिची पुढची वाट अडवणे हे तिसरे. या तिसऱ्या कामासाठी या ग्रंथालयात वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी अशा पदार्थांची भुकटी कापरासह पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ग्रंथांजवळ ठेवण्याची पद्धत आहे. ताडपत्रांना गवती चहाचे तेलही लावले जाते. अर्थात वास उडाला की पुरचुंडीचा उपयोग संपतो. ती बदलावी लागते. राखण हे एका दिवसाचे काम नव्हे.

याच तंजावरात आजही घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी कुटुंबे राहतात. समजा, अशा एखाद्या कुटुंबाने पणजोबांच्या मोडी कागदांची छायाचित्रे काढून घरच्या संगणकात ठेवली आहेत. मूळ कागद जीर्ण होऊन गेले. आता छायाचित्रे हीच काय ती प्रत. एके दिवशी ब्राउझर उघडताच नेहमीच्या पानाऐवजी भलतेच शोधपान येऊ लागते. पडद्याच्या कोपऱ्यात जाहिराती उगवतात. मुलगा ते सॉफ्टवेअर काढून टाकतो. तिसऱ्या दिवशी ते परत येते. पुन्हा काढतो, पुन्हा येते. शेवटी कोणीतरी सल्ला देते, “सगळा संगणक पुसून टाका.” हा सल्ला घाईने मानला, तर कीड मारण्याच्या नादात पोथीच जाळल्यासारखे होईल. म्हणून उपाय करण्यापूर्वी कारण जाणून घेणे आवश्यक आहे.

(आ) पुनरागमनाची कारणे

पहिले कारण म्हणजे मागे राहिलेला पहारेकरी. अशा सॉफ्टवेअरचे अनेकदा दोन भाग असतात. एक भाग डोळ्यांना दिसतो, दुसरा पडद्याआड राहतो. दिसणारा भाग नाहीसा झाला, की दुसरा त्याची नवी प्रत आणून बसवतो. संगणक सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांच्या यादीत, किंवा ठरलेल्या वेळी ठरलेले काम करणाऱ्या ‘टास्क शेड्युलर’मध्ये हा पहारेकरी आपले नाव नोंदवून ठेवतो.

दुसरे कारण ब्राउझरमधील ‘सिंक’ ही सोय. एकाच खात्याने संगणक, लॅपटॉप आणि भ्रमणध्वनी वापरले जातात, तेव्हा ब्राउझरच्या मांडणीची प्रत कंपनीच्या दूरच्या संगणकावर साठवली जाते. एका ठिकाणी काढलेले एक्स्टेंशन दुसऱ्या ठिकाणी तसेच राहिले, तर ते तेथून परत येऊ शकते.

तिसरे कारण बाहेरचा साठा. बाधित पेनड्राइव्ह घरात फिरत राहतो. संगणक स्वच्छ केला, तरी तो जोडताच बाधा पुन्हा शिरू शकते.

चौथे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित. फुकट मिळणारा गाण्यांचा किंवा चित्रपटांचा एखादा प्रोग्रॅम उतरवताना त्याच्यासोबत आणखी दोन-तीन प्रोग्रॅम येतात. त्यांच्यापुढच्या चौकटीत संमतीची खूण आधीच केलेली असते. वापरणारा न वाचता ‘पुढे’, ‘पुढे’ असे दाबत जातो. येथे चोर कुलूप फोडत नाही. घरमालकच त्याला दार उघडून देतो. सवय बदलली नाही, तर तोच पाहुणा त्याच दाराने पुन्हा येतो.

(इ) फ्लॉपीच्या काळापासून

हा प्रश्न नवा नाही. १९९१ मध्ये उघडकीस आलेला ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू फ्लॉपीवरून पसरत असे आणि ६ मार्च या दिवशी संगणकातील माहितीचा नाश करीत असे. तो साध्या फायलींत राहत नसे. चकतीच्या ज्या आरंभीच्या भागातून संगणक सुरू होतो, त्या भागात तो दडे. त्यामुळे फायली पुसून तो जात नसे. शिवाय कपाटात एक जरी बाधित फ्लॉपी उरली आणि संगणक चुकून तिच्यावरून सुरू झाला, तरी सारी मेहनत वाया जाई.

त्या काळात पुण्यात कैलास काटकर संगणकदुरुस्तीचा व्यवसाय करीत होते. ते मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर त्यांचे शालेय शिक्षण थांबले होते. गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून सुरुवात करून ते संगणकांकडे वळले होते. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांत विषाणूंची बाधा वारंवार आढळे. त्यांचे धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्राचे शिक्षण घेत होते. त्यांनी विषाणू शोधून काढणारा प्रोग्रॅम लिहिला. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यातून ‘क्विक हील’ हे उत्पादन उभे राहिले. एकेक संगणक दुरुस्त करणे आणि बिघाडाचे मूळ शोधून त्यावर साधन तयार करणे, यांतील अंतर या उदाहरणावरून लक्षात येते.

पुढे फ्लॉपी गेली, इंटरनेट आले. पण दार उघडे ठेवण्याची सवय गेली नाही. जून २०१७ मध्ये ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या सॉफ्टवेअरची माहिती प्रसिद्ध केली. ते फुकट प्रोग्रॅमांसोबत संगणकात शिरे आणि ब्राउझरचे मुखपृष्ठ व शोधपान बदलून टाकी. जगभरात २५ कोटींहून अधिक संगणक बाधित असून त्यांत भारतातील सुमारे अडीच कोटी आहेत, असा त्या कंपनीचा अंदाज होता. हा अंदाज फुगवलेला असल्याचे मायक्रोसॉफ्टने नंतर म्हटले. आकड्यांविषयी मतभेद असले, तरी शिरण्याची वाट कोणती, याविषयी दुमत नव्हते.

(ई) निर्मूलनाचा क्रम

१. प्रथम महत्त्वाचे कागद व छायाचित्रे वेगळ्या साठवण-साधनावर उतरवून घ्यावीत. प्रोग्रॅमांच्या फायली घेऊ नयेत. त्यांच्यासोबत कीडही जाईल. प्रत झाली की ते साधन काढून बाजूला ठेवावे.

२. इंटरनेटची जोडणी काही काळ तोडावी. बाहेरून नवी प्रत मागवण्याची वाट त्यामुळे बंद होते.

३. ‘सेटिंग्ज’मधील प्रोग्रॅमांची यादी दिनांकाच्या क्रमाने पाहावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढावेत. एखाद्याचे काम माहीत नसेल, तर आधी चौकशी करावी. प्रत्येक अनोळखी नाव शत्रूचे नसते.

४. आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी आणि ‘टास्क शेड्युलर’ तपासून पहारेकरी शोधावा. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि म्हणूनच त्यांचा पाहुणा परततो.

५. ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेंशन काढावीत, मुखपृष्ठ व शोधपान पूर्ववत करावे. हे होईपर्यंत सिंक बंद ठेवावे आणि त्या खात्याच्या प्रत्येक उपकरणावर हीच स्वच्छता करावी. घरच्या संगणकावरील ब्राउझर कोण्या संस्थेकडून चालवला जात असल्याचा संदेश दाखवत असेल, तर तोही संशयाचा संकेत समजावा.

६. विंडोजमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ ही तपासणी उपलब्ध आहे. विंडोज नेहमीप्रमाणे सुरू होण्यापूर्वीच ती चालते. त्यामुळे पहारेकऱ्याला जागे होऊन लपण्याची संधी मिळत नाही. इंटरनेट पुन्हा जोडल्यावर तपासणीचे साधन अद्ययावत करावे आणि घरातील पेनड्राइव्हही तपासावेत.

७. शेवटी, स्वच्छ असलेल्या उपकरणावरून बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड बदलावेत.

एवढे करूनही उपद्रव थांबला नाही, तर संगणक पुसून प्रणाली नव्याने बसवावी. हा उपाय चुकीचा नाही. तो शेवटचा आहे. पहिली पायरी नीट पार पडली असेल, तर त्यात गमावण्यासारखे फारसे काही उरत नाही.

(उ) औषध घेताना सावधगिरी

त्रासलेला माणूस मिळेल तो उपाय करतो. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, येथे दाबा’ अशी पाटी पडद्यावर झळकते, किंवा अनोळखी व्यक्ती दूरध्वनी करून संगणकाचा ताबा मागते. अशा वेळी औषध म्हणून घेतलेली वस्तूच रोग ठरते. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले. स्वच्छतेची विनामूल्य साधने त्याच्यामार्फत उपलब्ध केली जातात. फसवणुकीत पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

संगणकाची प्रणाली अद्ययावत ठेवणे हीदेखील आपली पुरचुंडीच होय. जुन्या प्रणालीला सुरक्षेची दुरुस्ती मिळणे कधीतरी थांबते. उदाहरणार्थ, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वास उडालेली पुरचुंडी जागेवर दिसते. मात्र राखण करीत नाही.

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी एक म्हण आहे. दिसणारी जाहिरात पुसत राहणे म्हणजे पखालीला औषध देणे. जे पुन्हा पुन्हा येते, त्याचे मूळ दुसरीकडे असते. ते शोधावे, उपटावे आणि ज्या वाटेने ते आले ती वाट बंद करावी. घरातले कागद तेव्हाच सुरक्षित राहतात.

४. शब्दार्थ व वाक्प्रचार

बाधित – रोगाची लागण झालेला
पुरचुंडी – कापडाची लहान गाठोडी
जीर्ण – जुने होऊन झिजलेले
पखाल – पाणी वाहून नेण्याची चामड्याची मोठी पिशवी
बस्तान बसवणे – कायमचा जम बसवणे
मुळावर घाव घालणे – मूळ कारणच नष्ट करणे

५. भाषाभ्यास

पुनः + आगमन = पुनरागमन; निः + मूलन = निर्मूलन. या दोन्ही शब्दांत पहिल्या पदाच्या शेवटी असलेल्या विसर्गाच्या जागी ‘र्’ आला आहे. ही विसर्गसंधी होय. ‘पुनर्जन्म’ आणि ‘निर्दोष’ या शब्दांचा विग्रह तुम्ही करा.

६. पाठगत प्रश्न

१. पोथीतील दिसणारे किडे झटकूनही कीड पुन्हा का पसरते?
२. फायली पुसून ‘मायकेलअँजेलो’ विषाणू का जात नसे?
३. रिकामी जागा भरा : निर्मूलनाच्या क्रमात सर्वप्रथम ............ यांची प्रत करून घ्यावी.

७. तुम्ही काय शिकलात?

• नको असलेले सॉफ्टवेअर परत येते, कारण त्याचा दडलेला भाग, सिंक केलेली प्रत, बाधित पेनड्राइव्ह किंवा आपली सवय शिल्लक असते.
• काढणे, दडलेले शोधणे आणि वाट अडवणे ही तिन्ही कामे मिळून निर्मूलन पूर्ण होते.
• संगणक पुन्हा विकत मिळतो. त्यातील एकमेव कागद मिळत नाहीत. म्हणून प्रत आधी, उपाय नंतर.

८. पाठान्त प्रश्न

१. ग्रंथरक्षकाची तीन कामे आणि संगणकाची स्वच्छता यांतील साम्य आठ-दहा ओळींत लिहा.
२. ‘येथे चोर कुलूप फोडत नाही, घरमालकच त्याला दार उघडून देतो.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या घरात, शेतात किंवा कामाच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा उद्भवणारी एखादी अडचण निवडा. तिचे लक्षण कोणते आणि मूळ कोणते, ते लिहा.
४. शेजाऱ्याला संगणक स्वच्छ करण्याच्या पायऱ्या सांगणारे पत्र लिहा.

९. पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. पानांच्या शिवणीत आणि बांधणीत राहिलेली अंडी उबतात म्हणून.
२. तो साध्या फायलींत न राहता, चकतीच्या ज्या आरंभीच्या भागातून संगणक सुरू होतो तेथे दडत असे म्हणून.
३. महत्त्वाचे कागद व छायाचित्रे.