गृहस्थाचा एकांत

नित्याच्या कर्तव्यांतून काही दिवस बाजूला होऊन गृहस्थाने आपल्या आवडीच्या विद्येत रमावे की नाही? पुष्कळ कर्तव्यदक्ष माणसांना ही इच्छाच अपराधासारखी वाटते, तर कित्येकांना ती आपला हक्क वाटते. गीतेचा अभिप्राय काय, ते पाहू.

प्रथमदर्शनी येथे विरोध दिसतो. दुसऱ्या अध्यायात अर्जुन युद्ध टाकून भिक्षेवर राहण्याची भाषा करतो, ती भगवान मान्य करीत नाहीत. सहाव्यात मात्र तेच भगवान योग्याला एकांतात, एकट्याने राहण्यास सांगतात आणि तेराव्यात निर्जन स्थळाच्या सेवनाची गणना ज्ञानाच्या लक्षणांत करतात. मग एकांत ग्राह्य की त्याज्य?

ह्या शंकेचे समाधान अठराव्या अध्यायातील त्यागविचारात आहे. मोहाने नियत कर्म टाकणे हा तामस त्याग. शरीराला क्लेश होतील ह्या भयाने टाकणे हा राजस त्याग. म्हणजे प्रश्न स्थळाचा नसून हेतूचा आहे. अर्जुन शोकमोहाने कर्माकडे पाठ फिरवीत होता. सहाव्या अध्यायातील साधक चित्त स्थिर करण्यासाठी बसतो. त्याच अध्यायाच्या सतराव्या श्लोकात आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती ही सर्व प्रमाणात असावीत असे सांगितले आहे. श्रीशंकराचार्य तेथे ‘विहार’ म्हणजे पायी फिरणे असा अर्थ करतात. कर्माच्या पंक्तीतच विहाराचेही पान मांडलेले आहे, हे विसरू नये.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली. त्या कर्मयोग्यांना सवड बंदिवासाने दिली. आपल्याला ती स्वतः काढावी लागते. आणि ती कोणाच्या जिवावर काढतो, हेही पाहावे लागते.

ह्याविषयी स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्कृत टीकेचे भाषांतर माझ्या हातून अर्धवट पडले होते. शाळा, शिकवण्या आणि घरकाम उरकून रात्री जेमतेम दहा ओळी होत. उन्हाळ्याच्या सुटीत मी पंधरा दिवस नदीकाठच्या एका धर्मशाळेत जाऊन राहिलो. पहिले तीन दिवस हात पोथीवर आणि मन घरच्या हिशेबात होते. तिसऱ्या अध्यायातील ‘मिथ्याचार’ ह्या शब्दाची आठवण झाली. चौथ्या दिवशी लेखणी चालू लागली. काम पुरे करून आनंदाने परतलो, तेव्हा कळले की मध्यंतरी आईला ताप आला होता आणि पत्नीने आठ रात्री एकटीने जागून काढल्या होत्या.

“मला का कळविले नाही?” मी विचारले.

ती शांतपणे म्हणाली, “जाताना तुम्ही विचारले नव्हते, नुसते सांगितले होते. मग कळवायचे कशाला?”

माझा हेतू शुद्ध असेल. पण माझ्या वाट्याचा भार मी न विचारता दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला होता. त्या त्यागाला सात्त्विक कसे म्हणावे?

पुढल्या वर्षी ती पंढरीच्या वारीला गेली. ही तिची लहानपणापासूनची हौस होती. चूल आणि आईची औषधे मी सांभाळली. वारकरी संप्रदायाने ही रीत कधीच घालून दिली आहे: गृहस्थ घर सोडतो, नामात रमतो आणि पुन्हा आपल्या संसारात येतो.

तेव्हा सवड घ्यावी, पण तिची मुदत ठरवावी. घरच्यांची संमती घ्यावी, मागे राहणाऱ्या कामाची व्यवस्था लावावी, आणि तशीच सवड त्यांनाही द्यावी. परतल्यावर तेच काम अधिक प्रसन्न चित्ताने होऊ लागले, तर तो एकांत योग ठरला असे समजावे.

गीता तरी कोठे सांगितली गेली? दोन सैन्यांच्या मध्ये थांबलेल्या रथात. रथ थांबला, संवाद झाला, मोह फिटला, आणि अर्जुन आपल्या कर्माला उभा राहिला.