आधी मालक कोण ते बघ

चि. बंड्या,

नवी विंडोज टाकल्यापासून डी ड्राइव्हवरचं फोटोंचं फोल्डर उघडत नाही, हे कळलं. 'मी ॲडमिनिस्ट्रेटर असून मलाच ॲक्सेस डिनाइड?' हा तुझा त्रागा रास्त आहे. पण मित्राने सुचवलेला इलाज, म्हणजे अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी स्वतःकडे घेणं, तो मात्र करू नकोस. रोग डी ला आणि औषध सी ला!

विंडोज तुला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ती एक लांबलचक क्रमांक देते आणि फोल्डरच्या परवानग्यांमध्ये नोंद असते ती त्या क्रमांकाची. जुनं खातंही 'बंड्या' आणि नवंही 'बंड्या', पण विंडोज नव्याने टाकल्यावर क्रमांक बदलला. जमीन तूच कसतोयस, पण सातबाऱ्यावर नाव भलत्याचं, अशी ही गत.

शिवाय ॲडमिनिस्ट्रेटर हा सदासर्वकाळ ॲडमिनिस्ट्रेटर नसतो. एक्सपीच्या काळात घरातली खाती बहुधा सर्वाधिकारीच असत. त्यामुळे चुकून उघडलेल्या व्हायरसलाही तेच सगळे अधिकार मिळत. २००७ साली व्हिस्टा घरोघरी आली आणि हे बदललं. तेव्हापासून लॉग-इन करताना तुला दोन ओळखी मिळतात, एक साधी आणि एक पूर्ण अधिकारांची. रोजची कामं साधीवर चालतात. पूर्ण अधिकार लागले की पडदा काळवंडतो आणि 'येस की नो' विचारलं जातं. ही चौकट कटकटीची वाटते म्हणून कायमची बंद करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

आता फोटोंकडे वळू. फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' बटण येत असेल तर आधी ते दाब. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. नाहीच भागलं तर त्या एकाच फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर 'ओनर'पुढे कोणाचं नाव आहे ते बघ. तिथे नावाऐवजी 'एस-१-५-२१' असं सुरू होणारं शेपूट दिसलं, तर तो तुझा जुना अवतार समज. 'चेंज' दाबून आपलं खातं घाल, आतल्या फोल्डरांनाही लागू करण्याच्या चौकटीवर टिक कर आणि सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघड. मालकी मिळाली म्हणजे परवानगी मिळालीच असं नाही. मालकाला फक्त परवानग्यांची यादी बदलता येते. म्हणून त्याच पानावर 'ॲड' करून स्वतःला 'फुल कंट्रोल' दे. फाइली जुन्या विंडोजमध्ये एन्क्रिप्ट केलेल्या असतील, तर मात्र मालकी घेऊनही त्या उघडणार नाहीत. त्याला जुन्या खात्याची किल्ली, म्हणजे सर्टिफिकेट लागतं.

सी ड्राइव्हची गोष्ट निराळी. तिथल्या बहुतेक सिस्टीम फाइलींचा मालक 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' असतो आणि ॲडमिनिस्ट्रेटरला त्या फक्त वाचता आणि चालवता येतात. हे मुद्दाम केलेलं आहे. मालकी सरसकट स्वतःकडे ओढलीस तर मूळ परवानग्या कुठेही जपून ठेवलेल्या नसतात. पुढे एखादं अपडेट अडलं की काय बिघडलं हे शोधता शोधता पुन्हा विंडोज टाकायची वेळ येते. तिथे 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाचं एक फोल्डर दिसलं, तर तेही नकार देईल. ते खरं फोल्डरच नाही. जुन्या प्रोग्रॅमांची सोय म्हणून ठेवलेला तो 'युजर्स'कडे नेणारा दुवा आहे. त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

फोल्डर उघडतं, पण एखादा प्रोग्रॅम त्यात सेव्ह करू शकत नाही, असं झालं तर परवानग्या खणण्याआधी विंडोज सिक्युरिटीमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का ते बघ.

फोटो उघडले की त्याच दिवशी बाहेरच्या डिस्कवर त्यांची प्रत काढ. मग बाबांचं आणि तुझं रोजचं खातं 'स्टँडर्ड' कर. मात्र त्याआधी एक वेगळं ॲडमिनिस्ट्रेटर खातं तयार कर, त्यात एकदा लॉग-इन करून बघ आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहून आईकडे दे. घरात एकही चालू ॲडमिनिस्ट्रेटर उरला नाही, तर परवानगीच्या चौकटीतलं 'येस' फिकं पडतं आणि दाबताच येत नाही. तसं झालं तर मला फोन कर. त्यावरचा उपाय लांबलचक आहे, पत्रात मावणार नाही.

तुझी,
आत्या