भिंत घातली, तरी पाणी किती येणार?

प्रश्न : राजुरीत ओढ्याकाठी विहीर खोदतोय. भोवती काँक्रीटची भिंत घातली, तरी खालून पाणी येतंच. पंप केवढा लावू?

उत्तर : भिंत माती-मुरुमातलं पाणी अडवते, पण तुमच्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, भेगांतून पाझरतो. पाझर काढायचं डार्सीचं १८५६चं सूत्र वाळूच्या थरांवरून निघालं, भेगाळ खडकात त्याचं उत्तर अंदाजच. त्यापेक्षा मोजा. तळापर्यंत उपसा, पंप बंद करा, तासात पातळी किती चढते ते पाहा. ६ मीटर व्यासाच्या खड्ड्यात ३० सेंटिमीटर चढली, तर आवक तासाला सुमारे ८,५०० लिटर. सुरुवातीचाच चढ धरा; पुढे आवक मंदावते. पंप मी तरी दुप्पट क्षमतेचा घेईन. काम पावसाळ्यात गेलं तर पुन्हा मोजा, उन्हाळ्यातला आकडा तेव्हा फसवतो. आणि भिंतीचा पाया मुरुमावर टेकलाय की पक्क्या खडकात रुतलाय? पुष्कळदा पाणी त्या सांध्यातूनच घुसतं.