निष्ठा, बॉण्ड आणि ६६ नंबरची जर्सी

फुटबॉलवर लेख आहे म्हटल्यावर ज्यांनी पान उलटायला घेतलं असेल, त्यांनी जरा थांबावं. या लेखात पुढे प्लेसमेंटचा बॉण्डही येणार आहे आणि तो विषय मेकॅनिकलपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा आहे.

सुरुवात मात्र आमच्या टीव्ही रूमपासून. मी लिव्हरपूलवाला. मे २०२५ मध्ये ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड क्लब सोडून रिअल माद्रिदला जाणार असं जाहीर झालं, तेव्हा मी एकदम पेटलो होतो. लिव्हरपूल शहरातच जन्मलेला, सहाव्या वर्षापासून क्लबच्या अॅकॅडमीत वाढलेला, २० वर्षं तिथंच खेळलेला मुलगा! ११ मेला आर्सेनलविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला आणि त्याच्याच अॅनफिल्डनं त्याची हुर्यो उडवली. इकडे टीव्ही रूममध्ये त्या हुर्योत माझाही आवाज होता. दुसऱ्या दिवशी त्याची ६६ नंबरची जर्सी (मूळ किंमत ३५० रुपये, फुटपाथवरची) मी सायकल पुसायला काढली.

पुढे १ सप्टेंबरला अलेक्झांडर इसाक न्यूकॅसल सोडून लिव्हरपूलला आला. साडेबारा कोटी पौंड, ब्रिटनमधला विक्रम! त्या रात्री मी विंगमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

माझा रूम पार्टनर सिव्हिलचा. त्याला ऑफसाइड अजून कळत नाही. चहा पिता पिता तो म्हणाला, "अरे, मेमध्ये जो करार संपेपर्यंत खेळून गेला त्याला तू गद्दार म्हणालास. आणि हा करार तीन वर्षं बाकी असताना प्रॅक्टिस सोडून बसला, तर तू चहा पाजतोयस. तू नक्की निष्ठा मोजतोयस की गोल?"

उत्तर नव्हतं. कबड्डीत पकड बसावी तसं झालं. मग सबमिशन बाजूला ठेवून मी या विषयाचा जरा अभ्यास केला. तोच इथे मांडतो आहे.

आधी इसाकचं प्रकरण. २०२२ मध्ये न्यूकॅसलनं त्याला साधारण सहा कोटी पौंडांना घेतलं, करार २०२८ पर्यंत. मार्च २०२५ मध्ये लीग कपच्या फायनलमध्ये त्यानं लिव्हरपूलविरुद्धच गोल केला आणि न्यूकॅसलला ७० वर्षांनी देशातली मोठी ट्रॉफी मिळाली. गावभर जल्लोष. पण उन्हाळ्यात संघ आशियाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा हा बरोबर नव्हता. स्पेनमध्ये जुन्या क्लबच्या मैदानावर एकटाच सराव करत होता. ऑगस्टमध्ये त्यानं जाहीर केलं की मला दिलेली वचनं मोडली गेली. क्लबनं उलट जाहीर केलं की असं वचन कुणी दिलेलंच नाही. खरं कोणाचं, देव जाणे. पण लेखी करार क्लबच्या बाजूनं होता, एवढं नक्की.

आता गंमत बघा. याच न्यूकॅसलमध्ये ६५ वर्षांपूर्वी एक खेळाडू असाच अडून बसला होता, आणि त्याची बाजू ऐकली की मत पार उलटतं. त्याचं नाव जॉर्ज ईस्टहॅम.

तेव्हा इंग्लंडमध्ये 'रिटेन अँड ट्रान्सफर' नावाची पद्धत होती. खेळाडूचा करार वर्षाचा. वर्ष संपलं की करार संपला, पण खेळाडू सुटला नाही! त्याची नोंदणी क्लबच्या ताब्यात. क्लबनं 'राहू दे' म्हटलं की तो दुसरीकडे खेळू शकत नसे, आणि नव्या करारावर सही केली नाही तर पगारही बंद. शिवाय पगाराला कमाल मर्यादा: सीझनमध्ये आठवड्याला २० पौंड. म्हणजे डिग्री मिळाली, पण लीव्हिंग सर्टिफिकेट कॉलेजच्या कपाटात, आणि किल्ली प्रिन्सिपॉलकडे.

ईस्टहॅमनं १९६० मध्ये सही करायला नकार दिला आणि सरळ लंडनच्या बाजूला जाऊन बूच विकण्याची नोकरी धरली. खरंच बूच, बाटलीला लावतात ते! अखेर त्याच वर्षी न्यूकॅसलनं ४७,५०० पौंड घेऊन त्याला आर्सेनलला सोडलं. गडी सुटला होता, त्यानं गप्प बसायचं. पण खेळाडूंच्या संघटनेच्या पाठिंब्यानं त्यानं कोर्टात केस चालूच ठेवली. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की करार संपल्यावरही माणसाला असं अडकवून ठेवणं हे धंदा करण्याच्या स्वातंत्र्यावर गैरवाजवी बंधन आहे. २० पौंडांची मर्यादा त्याआधीच, जानेवारी १९६१ मध्ये, संपाच्या धमकीनं गेली होती.

ईस्टहॅमनं दार किलकिलं केलं, ते पूर्ण उघडलं बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमननं. १९९० मध्ये त्याचा लिएज क्लबबरोबरचा करार संपला. क्लबनं नवा करार पुढे केला, पगार महिना १,२०,००० फ्रँकवरून ३०,००० वर! फ्रान्समधल्या डंकर्क क्लबला तो हवा होता. पण लिएजला ट्रान्सफरचे पैसे हवे होते, आणि डंकर्क ते देईल याचा भरवसा नव्हता. म्हणून कागद अडवले. पाच वर्षं केस चालली. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपियन कोर्टानं सांगितलं की करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागता येणार नाहीत. निकाल लागला तेव्हा बॉसमन ३१ वर्षांचा होता, करिअर जवळपास संपलेलं. पुढे त्याला दारू आणि नैराश्यानं गाठलं. त्याच्या निकालावर आज कितीतरी खेळाडू कोट्यधीश आहेत. मला तर या सगळ्या विषयात सर्वांत जास्त वाईट त्याचंच वाटलं.

आता हे ट्रेंटला लावून बघा. त्याचा करार ३० जून २०२५ ला संपत होता. तो शेवटपर्यंत खेळला, लीग जिंकून दिली आणि बॉसमनच्या हक्कानं निघाला. उलट क्लब वर्ल्ड कपसाठी एक महिना आधी सोडायला रिअलनं लिव्हरपूलला काही पैसेही दिले. मग आमचा राग कशाचा? प्रामाणिकपणे सांगतो, 'फुकट गेला' याचा. निष्ठेच्या नावाखाली आम्ही क्लबचा नफा-तोटा मोजत होतो.

आणि नफा-तोट्याचा विषय निघालाच आहे तर एक गणित सांगायलाच हवं, कारण मला स्वतःला यातून सर्वांत जास्त कळलं. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये आपण डेप्रिसिएशनची स्ट्रेट लाइन मेथड शिकतो (आणि परीक्षेनंतर विसरतो). क्लब खेळाडूचा हिशेब तसाच ठेवतात. इसाक सहा कोटींना, सहा वर्षांसाठी. म्हणजे वर्षाला एक कोटी खर्ची. तीन वर्षांनी पुस्तकात किंमत उरली तीन कोटी. साडेबारा कोटींना विकला, नफा साडेनऊ कोटी. लेथ मशीनचं असतं तसंच.

पण क्लबच्या अॅकॅडमीत वाढलेल्या पोराची पुस्तकातली किंमत किती? शून्य! त्याला विकत घेतलेलंच नाही ना. म्हणजे तो विकला की सगळी रक्कम नफा. आणि प्रीमियर लीगच्या नियमांनुसार तीन वर्षांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंड तोटा चालत असे. मर्यादेजवळ आलेला क्लब मग काय करणार? घरचं पोर विकणार. न्यूकॅसलनं २०२४ च्या उन्हाळ्यात नेमकं हेच केलं. एलियट अँडरसन, त्याच भागातला, लहानपणापासून क्लबमध्ये. हिशेब जुळवण्यासाठी साडेतीन कोटींना नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला. मॅनेजर एडी हाव यांना तो द्यायचा नव्हता. जो क्लब २०२५ मध्ये इसाकला कराराची आठवण करून देत होता, त्यानंच वर्षभर आधी आपला निष्ठावान पोरगा ताळेबंदासाठी काढला. म्हणून इसाक बरोबर ठरतो का? माझ्या मते नाही. सही केलीस तर प्रॅक्टिसला ये, खेळ, आणि मग जायचं ते भांडून जा. ईस्टहॅम करार संपल्यावर अडून बसला होता, हा करारात असताना. दोघांना एका मापानं मोजता येत नाही. फक्त एक गोष्ट त्याच्या बाजूनं: आपल्यासारखा नोटीस पिरियड त्यांना नसतो. नव्वद दिवसांचं पत्र देऊन मोकळं होता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. ऑगस्टमध्ये माझं प्लेसमेंट झालं. दोन वर्षांचा बॉण्ड, आधी सोडलं तर एक लाख रुपये. कागद चार वेळा वाचला. मी कधी सोडू शकत नाही हे तीन कलमांत आहे. कंपनी मला कधी बोलावणार हे कुठेच नाही. माझ्या ओळखीच्या एका सीनियरला (कंपनी वेगळी) ऑफर लेटर मिळाल्यावर १४ महिने जॉइनिंगची तारीख आली नाही. दुसरीकडे जावं तर 'शब्द मोडला' म्हणून कॉलेज ओरडणार, थांबावं तर घरचे विचारणार. शेवटी तो गावाकडे क्लासेस घेत बसला. त्याचं बूच विकणंच ते.

बॉण्ड बेकायदेशीर असतो अशी एक अफवा होस्टेलमध्ये कायम असते, तीही दुरुस्त करतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं आणि दोन लाखांची अट वैध ठरवली. नोकरीत असतानाची ठरावीक मुदतीची अट म्हणजे धंद्यावर बंदी नव्हे, असं म्हणून. त्यामुळे 'कोण वसूल करतंय' या भरवशावर सही करू नका. सोडलंस तर पैसे भर, हे वेगळं. पण मूळ मार्कशीट ठेवून घेणं हे मला सरळ १९६० चं न्यूकॅसल वाटतं. असा कागद समोर आला तर टीपीओ सरांना आधी दाखवा. आमच्या सरांनी एका मुलासाठी भांडून ते कलम काढायला लावलं होतं.

४ नोव्हेंबरला ट्रेंट रिअलकडून अॅनफिल्डवर आला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, दीडला मॅच. तो मैदानात उतरला आणि परत हुर्यो झाली. टीव्ही रूममध्ये आम्ही सात जण होतो. पाच ओरडले, रूम पार्टनर खुर्चीत झोपला होता. मी गप्प बसलो. लिव्हरपूल १-० जिंकलं.

जर्सी धुऊन वाळत घातली आहे. ग्रीसचा डाग गेला नाही, आणि एक ६ अर्धा निघाला आहे. बॉण्ड ५०० च्या स्टॅम्प पेपरवर करून द्यायचा आहे, जामीनदार म्हणून बाबांची सही लागते. कागद घरी पाठवलाय. बाबांचा काल फोन होता, विचारत होते, "तिसरं कलम वाचलंस का नीट?"