मांडवाची तार : कडक कोठे, नरम कोठे?

द्राक्षाचा मांडव घडांनी भरलेला असतानाच तार झोळ खाते किंवा गाठीजवळ तुटते आणि हाताशी आलेल्या मालाचे नुकसान होते. दोष मात्र 'हलक्या लोखंडा'ला दिला जातो. वास्तविक मांडवाची कडक तार व बांधणीची नरम तार एकाच कमी कार्बनच्या पोलादापासून तयार होऊ शकते. फरक पडतो तो थंड ओढकामामुळे.

तार कशी तयार होते?

तापवून लाटलेली ५.५ मि.मी. जाडीची सळी न तापवता क्रमाक्रमाने लहान छिद्रांच्या डायमधून ओढतात. १२ गेजची (२.६४ मि.मी.) तार होईपर्यंत छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ टक्के घटते आणि एक मीटर सळीची सव्वाचार मीटर तार होते. या ओढीने पोलादातील कण लांबट होतात. त्यांच्या स्फटिकरचनेतील दोषरेषा प्रचंड वाढून एकमेकींत अडकतात व पोलाद कडक होते. हीच तार भट्टीत तापवून सावकाश थंड केली की पुन्हा नरम पडते.

गुणधर्मांतील बदल

सळीची ताणशक्ती दर चौ. मि.मी.ला साधारण ४० किलो असते; ओढल्यावर ती ७० किलोंच्या पुढे जाते. म्हणजे १२ गेजची नरम तार सुमारे २२० किलो भाराला, तर कडक तार ३८० किलोंच्या आसपास तुटेल. शिवाय नरम तार तुटण्याच्या बरीच आधी कायमची लांबते. मांडव झोळ खातो तो यामुळेच. कडक तारही भाराने थोडी ताणते, पण भार उतरताच पूर्ववत होते. मात्र तिची तुटण्यापूर्वी लांबण्याची क्षमता फार कमी होते.

बागायतदारांनी काय करावे?

१) भार पेलणाऱ्या तारा कडक घ्याव्यात, नरम तार फक्त बांधणीसाठी वापरावी.

२) खरेदीच्या वेळी तार हाताने थोडी वाकवून सोडावी. कडक तार उसळून सरळ होते, नरम तार वाकलेलीच राहते.

३) कडक तारेला गोलाकार वळण द्यावे. एकाच जागी वारंवार वाकवू नये, पक्कडीचे खोल व्रण पाडू नयेत.

४) तार जाळावर तापवू नये, तिला वेल्डिंग करू नये. तापलेल्या जागी ओढकामाने आलेली ताकद नाहीशी होते.

५) ओढकामाने गंज थांबत नाही. त्यासाठी जस्ताचा मुलामा असलेलीच तार घ्यावी.

गेज सारखा असला तरी तार सारखी नसते, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.