जुनं रिव्हॉल्व्हर हाती आलं तर

बाळा, तुला जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांचा नाद लागलाय हे ऐकून बरं वाटलं. आपल्या वालूरची बारव गावानं गाळ उपसून मोकळी केली, तेव्हापासून जुन्या वस्तूकडं पाहायची नजर तुम्हा पोरांना आली. पण बारव एका जागी उभी असते. हत्यार घरोघर फिरतं, आणि त्याच्यामागं कायदा फिरतो. म्हणून चार गोष्टी आताच कानावर घालतो.

पहिली गोष्ट जिवाची. माळ्यावरच्या पेटीत रिव्हॉल्व्हर सापडलं तर ते भरलेलं आहे असंच धर. 1851 च्या ॲडम्स किंवा कोल्ट नेव्हीसारख्या जुन्या बनावटीत दारू आणि शिशाची गोळी चक्रात समोरून ठासून भरत आणि मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवत. ती दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. म्हणून घोडा ओढायचा नाही, चाप दाबायचा नाही, आणि नळीत डोकावायचं तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि इथंच हौशी माणसं फसतात. शंभर वर्षांपुढची वस्तू म्हणजे परवान्याची गरज नाही, असं बाजारात सर्रास सांगतात. ते खरं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात सूट आहे, पण ती जुनाट किंवा मोडक्या अशा हत्याराला, जे दुरुस्त करूनही गोळी झाडू शकणार नाही. नुसतं वय पुरत नाही. आणि ते झाडू शकतं की नाही हे ठरवणं तुझं-माझं काम नाही. वारशानं आलेलं असलं तरी आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करायचं, मग जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याचा अर्ज. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वडिलोपार्जित धरून. म्हणजे कपाट भरून रिव्हॉल्व्हरं जमवायचं स्वप्न इथंच सोड. 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळं शंभरी ओलांडलेली वस्तू परदेशी विकायलाही बंदी आहे.

आता रसाची गोष्ट. आपल्या भागात, मराठवाड्यात, अशी हत्यारं आली कुठून? हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आताचं अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या होत्या. 1903 मध्ये ती फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली. तिच्या घोडदळात शिलेदारी चाले. घोडा, साज, तलवार स्वाराची. बंदूक मात्र सरकारची. त्यामुळं एखाद्या घरात जुनी तलवार निघाली तर नवल नाही. रिव्हॉल्व्हर निघालं तर मात्र ते घरात कसं आलं, हे विचारलंच पाहिजे.

त्याचं उत्तर पुष्कळदा पोलादावरच कोरलेलं असतं. बाणाची खूण आणि तिच्याखाली इंग्रजी आय असेल तर ते हिंदुस्थान सरकारचं. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर लष्करानं ते रीतसर विकून टाकलेलं. वेब्ली 1887 मध्ये ब्रिटिश फौजेत आलं. ते मधून वाकवून उघडतं आणि रिकामी काडतुसं आपोआप बाहेर पडतात. सांगाड्यावरचे नि चक्रावरचे क्रमांक जुळतात का ते बघ. नाही जुळले तर बहुधा तुकडे जोडून केलेला माल. वायव्य सरहद्दीवर, पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये, कारागीर इंग्रजी हत्यारांच्या हुबेहूब नकला करत आणि अक्षरं न वाचता शिक्के मारत. उलटा एन किंवा चुकलेलं स्पेलिंग दिसलं की ते सरहद्दीचं समज. माझ्या मते अशी नक्कलही जपण्याजोगी आहे. मात्र अस्सल म्हणून तिचे पैसे मोजू नकोस.

तिसरी गोष्ट निगेची. गंज खरवडायचा नाही, पॉलिश पेपर लावायचा नाही. काळसर साय चढलेला पृष्ठभाग आणि त्यावरचे शिक्के हीच त्या वस्तूची किंमत. एकदा घासले की गेले. हलकं यंत्रतेल सुती फडक्यानं लावायचं. खोबरेल नको, ते घट्ट होऊन चिकटतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, चामड्यातलं आम्ल लोखंड खातं.

चौथी गोष्ट, परवाना मिळणार नसेल तर मन मोठं कर आणि रीतसर संग्रहालयाला दे. अभ्यास तिथं जाऊनही होतो. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग, दोन्ही ठिकाणी शस्त्रं मांडलेली आहेत. तिथं तासभर एकाच दालनात उभा राहा, घाई करू नकोस.

आणि एक काम याच महिन्यात कर. सेलू-मानवतच्या जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडं वही घेऊन बस. कोणतं हत्यार कोणाचं, कोणत्या फौजेतून आलं, 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर, कुठं गेलं, सगळं नावानिशी उतरवून घे. हत्यार सरकारजमा झालं तरी त्याची हकीकत आपल्याकडं राहील, आणि ती सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.